भुकटी दगडाची की मातीची? क्रश सँडमधल्या काँक्रीटचा अनुभव

आमच्या कामावर जोत्यापर्यंतचं काँक्रीट नदीच्या वाळूत झालं. त्यानंतर वाळू वेळेवर येईना, आणि जी येई ती घ्यावीशी वाटेना. मुठीत दाबून सोडली की तळहात मातकट व्हायचा. चाळली की शिंपल्यांचे तुकडे आणि कुजक्या मुळ्या वर राहायच्या. कॉलम, बीम, स्लॅब सगळंच बाकी होतं आणि काँक्रीटच्या गुणवत्तेची जबाबदारी माझ्याकडे होती. जोत्याच्या वरचं सगळं काम क्रश सँडमध्ये, म्हणजे दगड फोडून बनवलेल्या वाळूत करायचं ठरलं. क्रश सँडचं काँक्रीट मी दुसऱ्यांच्या कामांवर पाहिलं होतं, पण क्रशरवर जाऊन माल निवडण्यापासून स्लॅब भरून होईपर्यंत सगळं आपल्या देखरेखीखाली करण्याची ही पहिलीच वेळ होती.

या वाळूबद्दल साइटवर जे बोललं जातं ते बहुतेक तिच्यातल्या भुकटीबद्दल असतं. "यात पीठ फार, स्लॅब तडकणार," हे मी ठेकेदाराकडून ऐकलं, मिस्त्रींकडून ऐकलं, घर बांधणाऱ्यांकडूनही ऐकलं. ते पीठ दगडाचं आहे की मातीचं, हे मात्र क्वचितच कुणी विचारतं. मला तोच प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि पुढे जे काही केलं ते बरंचसं त्याच्याच उत्तरासाठी केलं.

नदीची वाळू सोडायची ती केवळ मिळत नाही म्हणून, असं मी मानत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२२च्या अहवालात जगभरात वर्षाला सुमारे ५,००० कोटी टन वाळू आणि खडी वापरली जाते असं म्हटलं आहे. डोंगर झिजून, पुरात वाहून वाळू तयार व्हायला जो काळ लागतो त्याच्याशी या उपशाचा काही मेळच बसत नाही. पात्र खोल जातं, पुलांचे पाये उघडे पडतात, काठच्या विहिरींची पातळी उतरते. दगडाची खाणही निरुपद्रवी नाही, डोंगर पोखरला जातो, धूळ उडते. पण खाणीला हद्द आखता येते, धुळीवर पाणी मारता येतं. नदीचं पात्र एकदा उपसलं की त्याचे परिणाम मैलोन्‌मैल वर-खाली पसरतात. म्हणून नदीची वाळू पुन्हा मिळू लागली असती तरी मी परत वळा असं म्हटलं नसतं.

आधी क्रशर पाहायला गेले. इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण इथेच सर्वांत जास्त फसवणूक होते. खडी फोडताना चाळणीखाली जो बारीक माल आपोआप पडतो तो डस्ट. तो कुणी वाळू म्हणून बनवलेला नसतो. त्याचे कण चपटे आणि लांबट असतात, भुकटी कमी-जास्त असते, आज एक प्रतवारी तर उद्या दुसरी. क्रश सँड ठरवून बनवली जाते. जबड्याच्या क्रशरमधून आणि कोन क्रशरमधून फुटून आलेला दगड व्हीएसआय नावाच्या यंत्रात जातो. त्यात वेगाने फिरणारा रोटर दगड बाहेर फेकतो, तो भोवती साठलेल्या दगडाच्या थरावर आपटतो आणि दगडावर दगड घासून कडा झडतात. चपटा कण मोडतो, घनाकार कण उरतो. मग माल चाळला जातो आणि जादा भुकटी पाण्याने धुऊन किंवा हवेच्या झोताने काढली जाते.

ज्या क्रशरवर गेले तिथे व्हीएसआय चालू आहे का, एवढं पाहून मी परत फिरले नाही. यंत्रात जाणारा दगड कुठून येतो तेही पाहिलं. खाणीच्या वरच्या थरात मुरूम आणि माती असते. तो थर नीट उतरवला नाही, किंवा फोडण्याआधी दगड चाळून त्याची माती झाडली नाही, तर ती माती दगडाबरोबर दळली जाते आणि शेवटी वाळूत मिसळते. पुढे कितीही चांगलं यंत्र असलं तरी मग काही फरक पडत नाही.

तीन ठिकाणचे नमुने आणले. एक सरळ डस्टच होता, वाळू म्हणून विकला जात असलेला. दुसरा दिसायला सर्वांत छान, किंचित तांबूस, हाताला मऊ. तिसरा राखाडी, खरखरीत, हात पांढरट करणारा. आमच्या ठेकेदारांना दुसरा आवडला. खरं सांगायचं तर नुसत्या डोळ्यांनी निवडायचं असतं तर बहुतेकांनी तोच निवडला असता.

भिंगाखाली धरल्यावर डस्टमधले पापुद्र्यासारखे कण लगेच ओळखू आले. आकार तपासायला मी आणखी एक साधी चाचणी केली. ठरावीक वजनाची कोरडी वाळू एकाच नरसाळ्यातून एका भांड्यात सोडायची, किती वेळात उतरते ते पाहायचं आणि भांडं भरल्यावर न दाबता वजन करायचं. नदीची वाळू परातीतल्या मोहरीसारखी घरंगळत उतरली. डस्ट नरसाळ्याच्या तोंडाशी अडकला, बोटाने टिचकी मारावी लागली. तिसरा नमुना दोहोंच्या मधे होता, पण अडकला नाही. भांड्याच्या वजनावरून आणि वाळूच्या विशिष्ट गुरुत्वावरून (ती पाण्याच्या किती पट जड आहे यावरून) सुट्या वाळूत पोकळी किती राहते ते काढता येतं. ती पोकळी सिमेंटच्या लगद्याने भरावी लागते. कण जितके वेडेवाकडे, तितकी पोकळी जास्त, तितका लगदा जास्त. क्रश सँडला पाणी जास्त लागतं असं सगळे म्हणतात, त्याचं पहिलं कारण हे. भुकटी हे कारण त्यानंतर येतं, आणि चांगली भुकटी तर हीच पोकळी भरून काढायला मदत करते.

वाळूचे जाड-बारीकपणावरून झोन पाडलेले असतात; चाळणीच्या चाचणीत तिसरा नमुना झोन २ मध्ये बसला. ६०० मायक्रॉनच्या चाळणीतून ३५ ते ५९ टक्के माल गेला की वाळू झोन २ची. १५० मायक्रॉनच्या चाळणीतून मात्र नदीच्या वाळूपेक्षा बरंच जास्त गेलं, आणि हे पाहून ठेकेदार म्हणाले, "बघा, नापास." नापास नव्हती. भारतीय मानक आयएस ३८३मध्ये नदीच्या वाळूसाठी या चाळणीवर १० टक्क्यांची मर्यादा आहे, दगड फोडून केलेल्या वाळूसाठी ती २० टक्के आहे. याच मानकाच्या १९७०च्या आवृत्तीच्या शीर्षकातच 'नैसर्गिक स्रोतांतील' असा उल्लेख होता. २०१६च्या आवृत्तीत तो गेला आणि बनवलेल्या वाळूला रीतसर जागा मिळाली. अमेरिकेच्या एएसटीएम सी ३३मध्येही हाच विचार दिसतो: ७५ मायक्रॉनखालच्या मालाची मर्यादा साधारण काँक्रीटसाठी ५ टक्के, पण तो माल दगड फुटून झालेली भुकटी असेल, त्यात चिकणमाती नसेल, तर ७ टक्के. मानक लिहिणाऱ्यांनी भुकटी आणि माती वेगवेगळ्या धरल्या आहेत. साइटवर दोन्हींना एकच नाव आहे, पीठ.

मग ती वेगळी ओळखायची कशी? नदीच्या वाळूसाठी साइटवर बरणीची चाचणी करतात. मोजपात्रात वाळू आणि मिठाचं पाणी घालून हलवायचं, ठेवून द्यायचं, आणि वाळूवर गाळाचा थर किती जमतो ते मोजायचं. मी ती तिन्ही नमुन्यांवर केली आणि तिन्हींत वर जाड थर जमला. क्रश सँडला ही चाचणी लावून गाडी परत पाठवणारे लोक मला माहीत आहेत. पण या थरात दगडाची भुकटीही असते आणि मातीही, बरणी दोन्हींत फरक करत नाही. क्रश सँडसाठी या चाचणीचा उपयोग नाही, एवढंच तिच्याबद्दल म्हणेन.

उपयोग झाला तो मिथिलीन ब्ल्यू नावाच्या निळ्या रंगाच्या चाचणीचा. २ मिमीच्या चाळणीखालचा २०० ग्रॅम माल ५०० मिलिलिटर पाण्यात ढवळत ठेवायचा. त्यात लिटरला १० ग्रॅम या प्रमाणात केलेलं निळं द्रावण ५-५ मिलिलिटर घालत जायचं. दर वेळी काचेच्या कांडीने एक थेंब गाळणकागदावर टाकायचा. सुरुवातीला कागदावर मधे गडद निळा ठिपका उमटतो आणि भोवती स्वच्छ पाण्याचं वर्तुळ पसरतं, रंगाचा मागमूस नसलेलं. याचा अर्थ घातलेला सगळा रंग वाळूतल्या मातीने शोषून घेतला. चिकणमातीच्या थरांमधे हा रंग शिरून बसतो. दगडाच्या भुकटीला तेवढा रंग लागतच नाही. मातीची भूक भागली की रंग मोकळा राहतो आणि ठिपक्याभोवती साधारण मिलिमीटरभर रुंद फिकट निळी कडा दिसते. ती कडा पाच मिनिटं टिकली की चाचणी संपली. किती रंग खपला त्यावरून माती किती उपद्रवी ते कळतं.

राखाडी नमुन्यात कडा लवकर उमटली आणि टिकली. तांबूस नमुन्यात थेंबामागून थेंब टाकत राहिले, कडा उमटायची आणि मिनिटभरात विरून जायची. पुन्हा ५ मिलिलिटर, पुन्हा थेंब. शेवटी कडा टिकली तेव्हा राखाडी नमुन्याच्या कितीतरी पट रंग संपला होता. ठेकेदार शेजारी उभे होते. त्यांना कागदांची रांग दाखवली आणि त्यांनी स्वतःच तांबूस नमुना बाजूला काढला. आकडे सांगून जे पटलं नसतं ते त्या ठिपक्यांनी पटवलं. ज्याला क्रश सँड घ्यायची आहे त्याने दुसरी कुठलीही चाचणी टाळावी, पण ही टाळू नये, असं माझं ठाम मत आहे.

तांबूस वाळू नाकारली तरी तिचं एक ट्रायल मिक्स, म्हणजे चाचणीपुरतं काँक्रीट, मी मुद्दाम करून पाहिलं, कारण पाणी न वाढवता माल सैल करणाऱ्या नवीन प्रकारच्या, पीसीई जातीच्या रासायनिक अ‍ॅडमिक्श्चरचं आणि मातीचं वैर कागदावर वाचलं होतं. या अ‍ॅडमिक्श्चरच्या रेणूंना लांब फांद्या असतात. सिमेंटचे कण एकमेकांपासून दूर ठेवायचं काम त्या करतात. फुगणारी माती त्या फांद्या आपल्या थरांत ओढून घेते, मग सिमेंटसाठी काही उरत नाही. प्रत्यक्षात तसंच झालं. मिक्सरमधून निघतानाच माल जड होता, डोस वाढवला तेव्हा जरा हलला आणि अर्ध्या तासात आटून घट्ट झाला. असा माल साइटवर आला असता तर पाणी घालण्यावाचून कुणाला दुसरा मार्ग सुचला नसता.

राखाडी वाळूचं मिक्स बसवताना पहिली अडचण भलतीच निघाली. आधीच्या मिक्समध्ये एका घनमीटरला ७०० किलो नदीची वाळू होती. तेवढ्याच वजनाची क्रश सँड घाला, असं साइटवर सगळे धरून चालले होते. पण नदीच्या वाळूचं विशिष्ट गुरुत्व २.६२ होतं आणि या वाळूचं २.८५, कारण दगड काळा, जड. ७०० किलो नदीची वाळू २६७ लिटर जागा व्यापते. ७०० किलो ही वाळू सुमारे २४६ लिटरच. म्हणजे घनमीटरमागे २१ लिटर काँक्रीट कमी भरतं आणि सगळ्या प्रमाणांचा तोल ढळतो. तेवढीच जागा भरायला या वाळूचे सुमारे ७६० किलो लागतात. वाळू बदलताना वजन नाही, घनफळ कायम ठेवायचं, हे ट्रायलच्या आधी कागदावरच करून घ्यावं.

घनफळाने बदलल्यावरही पहिला माल चिकट आला. थापीला धरून राहायचा, स्लम्प (साच्यातून मोकळा केलेला माल किती खचतो ते माप) अपेक्षेपेक्षा कमी, पण फुटत नव्हता, पाणी सुटत नव्हतं. आमचे मिस्त्री अनुभवी माणूस, त्यांनी माल हातात घेऊन पाहिला आणि म्हणाले, "मॅडम, या मालाला एक बादली पाणी द्या, मग बघा कसा पळतो." त्यांचं निरीक्षण बरोबर होतं, उपाय महाग पडणारा होता. आमच्या मिक्समध्ये घनमीटरला ३६० किलो सिमेंट आणि १६२ लिटर पाणी, म्हणजे पाणी-सिमेंट प्रमाण ०.४५. एक १० लिटरची बादली घातली की ते ०.४८च्या जवळ जातं. ताकद तिथेच उतरते, वर काँक्रीट सच्छिद्र होऊन पुढे सळईला गंज लागायची वाट मोकळी होते. क्रश सँडमुळे काँक्रीट कमजोर झालं असं जे सांगितलं जातं, त्यातल्या कितीतरी वेळा दोष या बादलीचा असतो.

पाण्याऐवजी वाळूचा वाटा कमी केला. वाळूतच भुकटी भरपूर, म्हणजे माल एकजीव ठेवायला लागणारा बारीक भाग आधीच आहे. मग वाळू आणि खडी मिळून होणाऱ्या एकूण अ‍ॅग्रिगेटमधला वाळूचा वाटा दोन-तीन टक्क्यांनी उतरवला आणि तेवढी १० मिमीची खडी वाढवली. अ‍ॅडमिक्श्चरचा डोस थोडा वर नेला. माल सुटा झाला, चिकटपणा गेला, स्लम्प १०० मिमीच्या पुढे आला आणि तासाभराने पाहिला तेव्हाही काम करण्याजोगा होता. मिस्त्रींना त्यातून घमेलंभर काढून दिला. त्यांनी थापीने ओढून पाहिला, पुन्हा ओढला, आणि बादलीचं नाव काढलं नाही.

उलट बाजूही पाहिली. याच क्रशरवर खूप धुतलेली वाळूही मिळत होती, भुकटी जवळजवळ नसलेली. भुकटीला घाबरणारे तीच मागतात. तिचं ट्रायल केलं तेव्हा माल खरबरीत, खडी एकीकडे आणि पाणी दुसरीकडे, साच्याच्या कडेने पाणी झिरपतंय. अशा मालाने कॉलमच्या तळाशी पोकळ्यांची जाळी पडते आणि पंपाचा पाइप तुंबतो. टोकदार कणांना वंगण हवं असतं, आणि काँक्रीटमध्ये ते दगडाच्या भुकटीतूनच स्वस्तात मिळतं. तिला पूर्ण धुऊन काढणं म्हणजे मिळालेली गोष्ट फेकून देणं. अर्थात मर्यादेपलीकडची भुकटी, शुद्ध दगडाची असली तरी, अ‍ॅडमिक्श्चर खाते आणि आकुंचन वाढवते, हेही तितकंच खरं.

वजनाने माल मोजायचा हे आमच्याकडे आधीपासून होतं, पण ओलाव्याचा हिशेब आता रोज करायला लागला. धुतलेली किंवा पाणी मारलेली क्रश सँड ढिगाच्या वर कोरडी आणि तळाशी चिंब असते. ७६० किलो वाळूत ४ टक्के ओल म्हणजे ३० लिटर पाणी, आमच्या एकूण पाण्याच्या जवळपास पाचवा हिस्सा. हे पाणी वजा केलं नाही तर ०.४५ फक्त रजिस्टरमध्ये राहतं. वाळू अगदी कोरडी असली तर उलटा त्रास: ती मिक्सरमध्ये पाणी पिते, आणि माल वर पोचेपर्यंत स्लम्प मरतो. म्हणून ढीग आदल्या संध्याकाळी ओला करून झाकून ठेवायचो, सकाळी वर-खाली करून मग नमुना तव्यावर वाळवून ओल काढायचो. ढीग ओला ठेवण्याचं दुसरंही कारण होतं. कोरड्या क्रश सँडची धूळ श्वासातून फुफ्फुसात जाते, आणि दगडात सिलिका असेल तर त्या धुळीचा आजार बरा होत नाही. मिक्सरवर वाळू टाकणाऱ्या बिगाऱ्यांनी मास्क लावलाच पाहिजे यावर मी भांडले. नदीच्या ओल्या वाळूची सवय असलेल्या माणसांना याची गरज पटायला वेळ लागतो.

कॉलम विनातक्रार झाले. फळ्या काढल्यावर पृष्ठभाग नदीच्या वाळूच्या कॉलमपेक्षा गुळगुळीत आणि गडद निघाला. खरी काळजी स्लॅबची होती.

स्लॅबच्या दिवशी ऊन आणि वारा दोन्ही होते. नदीच्या वाळूचं काँक्रीट व्हायब्रेट करून पाटा मारला की थोड्या वेळाने वर पाणी येतं, पृष्ठभाग चकाकतो, आणि ती चकाकी गेली की मिस्त्री रंधा घेऊन बसतात. वर्षानुवर्षांची ही खूण. या काँक्रीटवर पाणी येतच नव्हतं. भुकटीने पाणी धरून ठेवलेलं, त्यामुळे वरून कोरडा आणि आतून ओला असा माल. यात दोन धोके असतात. एक, वर पाणी नाही म्हणून मिस्त्री हाताने पाणी शिंपडून रंधा मारतात आणि वरचा थर कमजोर करतात. दुसरा जास्त मोठा: खालून वर येणाऱ्या पाण्यापेक्षा उडून जाणारं पाणी जास्त झालं की काँक्रीट अजून मऊ असतानाच आकसतं आणि भेगा पडतात. उघड्या पृष्ठभागावरून ताशी चौरस मीटरला १ किलोच्या आसपास पाणी उडू लागलं की सावध व्हावं असा संकेत आहे. या वाळूत आधीच पाणी कमी सुटतं, तेव्हा त्याच्या आतच सावध व्हावं लागतं.

आम्ही वाऱ्याच्या बाजूने कापडाचा आडोसा उभा केला होता. पाटा मारून झालेल्या प्रत्येक पट्ट्यावर लगेच प्लास्टिकचा कागद अंथरला. रंध्याची वेळ झाली की तेवढाच भाग उघडायचा, काम करून पुन्हा झाकायचा. वेळ ठरवायला चकाकीचा उपयोग नव्हता, म्हणून अंगठ्याने दाबून पाहायचं ठरवलं. मिस्त्रींना हे उघड-झाक करणं सुरुवातीला नकोसं झालं. एका कोपऱ्यात कागद वाऱ्याने उडाला आणि तो कोपरा थोडा वेळ तसाच राहिला. तिथे केसाएवढ्या बारीक भेगा उमटलेल्या दिसल्या, एकमेकींना समांतर, हातभर अंतरावर. काँक्रीट अजून ओलं होतं म्हणून वरून पुन्हा थापून त्या मिटवता आल्या. मिस्त्रींनी त्या स्वतः पाहिल्या, आणि त्यानंतर कागदाच्या कडांवर फळ्या ठेवायला त्यांनीच माणूस नेमला. बाकी सगळा स्लॅब स्वच्छ निघाला. "क्रश सँडचा स्लॅब तडकतो" या बोलण्यात तथ्याचा जो अंश आहे तो हा, आणि तो पहिल्या काही तासांत झाकून ठेवण्याने टाळता येतो. दुसऱ्या दिवशी आळी बांधून पाणी भरल्यावर या भेगा जात नाहीत. तोपर्यंत उशीर झालेला असतो.

क्यूबचे, म्हणजे ताकद तपासायला भरलेल्या काँक्रीटच्या ठोकळ्यांचे निकाल २८ दिवसांनी आले. त्याच ग्रेडच्या, नदीच्या वाळूच्या क्यूबपेक्षा ते कमी भरले नाहीत, किंचित वरच होते. मला आकड्यापेक्षा फुटलेल्या क्यूबच्या आतला भाग पाहायचा होता. बऱ्याच ठिकाणी फुटीची रेष खडीच्या कडेने वळसा न घेता खडी फोडून गेली होती, म्हणजे लगद्याने दगड घट्ट धरला होता. खरखरीत, टोकदार कणांना सिमेंट चांगलं बिलगतं. पाणी-सिमेंट प्रमाण ढळू दिलं नाही तर त्याचा फायदा ताकदीत दिसतो, वाकवण्याच्या ताकदीत विशेष.

प्लास्टरला हीच वाळू वापरायची का, असा प्रश्न नंतर आला. मी नाही म्हटलं. काँक्रीटच्या क्रश सँडमध्ये ४.७५ मिमीपर्यंतचे कण असतात, ते रंध्याखाली ओरखडे पाडतात, आणि भुकटीमुळे गिलाव्यावर जाळीदार भेगा येतात. प्लास्टरसाठी वेगळी, बारीक चाळलेली आणि भुकटी आटोक्यात ठेवलेली वाळू बनते. तीच मागवली, आधी एका भिंतीवर मारून पाहिली आणि मग पुढे गेलो.

एक चाचणी अशी होती जिची घाई कुणालाच नव्हती, आणि मी ती धरून बसले: दगडाची अल्कलीशी होणारी प्रक्रिया. काही दगडांतली सिलिका सिमेंटमधल्या अल्कलीशी संयोग पावते, त्यातून जेल तयार होतं, ते पाणी पिऊन फुगतं आणि काँक्रीट आतून फुटतं. हे दिसायला वर्षं लागतात. नदीची वाळू असो की फोडलेली, प्रश्न दोन्हींना आहे, पण इथे वाळू आणि खडी एकाच खाणीच्या दगडाची असल्यामुळे दगड वाईट निघाला तर सगळंच वाईट. मॉर्टरच्या कांड्या ८० अंश सेल्सिअसच्या सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात १४ दिवस ठेवतात आणि किती वाढल्या ते मोजतात. वाढ ०.१० टक्क्याच्या आत असेल तर दगड सहसा निर्धोक धरतात, ०.२० टक्क्याच्या वर गेली तर धोक्याचा. आमच्या कांड्या ०.१०च्या आत राहिल्या. दगडाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहून घेतलेला अहवालही फाइलला लावला.

आता पुरवठादाराशी एक गोष्ट लिखित ठरली आहे. खाणीत नवीन तोंड उघडलं, दगडाचा रंग बदलला किंवा पावसाळ्यानंतर काम पुन्हा सुरू झालं, की गाडी पाठवण्याआधी नमुना पाठवायचा. तो आला की चाळणी लावतो आणि निळ्या थेंबांची चाचणी करतो. गेल्या पावसाळ्यानंतर आलेल्या नमुन्यात कडा टिकायला नेहमीपेक्षा बराच जास्त रंग लागला. खाणीच्या वरच्या अंगाची माती पावसाने दगडात उतरली होती. त्यांनी फोडण्याआधीची चाळणी बदलली, नवा नमुना धाडला, तो पूर्वीसारखा आला, आणि मग गाड्या सुरू झाल्या.